डाव्या हाताची गाठ

पडद्याची दुमड उसवताना सुईचं टोक कशाला तरी अडलं, एवढंच झालं. रविवारची दुपार होती. सून पुढच्या खोलीत टेबलावर कागद पसरून बसली होती, मुलगा बाहेर गेला होता, आणि मी मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. या घराच्या खिडक्या जुन्या घरापेक्षा वीतभर उंच आहेत, त्यामुळे सगळे पडदे आखूड पडतात. सून म्हणाली होती, "आई, नवे घेऊ या, पडदे काय पेटीत जपून ठेवायची गोष्ट आहे का?" मी म्हटलं, दुमड सोडली की पुरतील. मला काहीतरी काम हवं होतं, आणि हे कापड फेकून देववत नव्हतं. निळसर करडं, बारीक चौकड्यांचं. चाळीस वर्षं झाली तरी सूत अजून घट्ट आहे. उन्हाने वरचा भाग पांढुरका झालाय, पण दुमडीच्या आत रंग जसाच्या तसा राहिला होता. एखाद्या माणसाच्या बाहीच्या आतली कातडी दिसावी तसा. कोपऱ्यापाशी आले तेव्हा टोक अडलं. मी दोरा ओढून काढला, दुमड उलगडली, आणि काठात माझी जांभळी गाठ दिसली. ती तिथे असणार हे मला ठाऊक होतं. पण तिला लागून दुसरी एक गाठ होती. काळी. आणि त्या काळ्या दोऱ्याची शेपूट डावीकडे पडली होती.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून मला तेव्हापेक्षा आता जास्त दिसतं, ही एक गंमतच आहे. ज्या वयात नजरेवर पोट होतं त्या वयात ती विझत चालली होती, आणि आता नजरेला काही काम उरलं नाही तर भिंतीवरची मुंगीही दिसते. मी गाठीवर बोट ठेवलं. दोन लहान टेंगळं, शेजारी शेजारी. चाळीस वर्षांपूर्वी बोटाला एकच लागलं होतं. की दोन लागली होती, आणि मी एकच मोजलं?

आमच्या कारखान्यात विणलेलं कापड बाहेर जाण्याआधी आमच्या खात्यात यायचं. लांब उतरत्या टेबलावरून ठाण पुढे सरकवायचं आणि बघायचं: कुठे उभा धागा तुटलाय, कुठे आडवा सुटलाय, कुठे तेलाचा ठिपका आहे, कुठे रंगाची छटा बदललीय. दोष दिसला की खडूने खूण. ठाण नीट असलं की त्याच्या पहिल्या टोकाला, काठात, आपल्या रंगाच्या दोऱ्याची गाठ. प्रत्येकीचा रंग ठरलेला. गाठ मारली म्हणजे हे मी पाहिलं, आता यात काही निघालं तर ते माझ्यावर. आम्ही एकमेकींना रंगानेच ओळखायचो. हिरवी होती, नारिंगी होती, पिवळी होती, मी जांभळी. घरी आपापली नावं, कारखान्याच्या फाटकातून आत आलं की रंग. माझं आणखी एक नाव होतं, मुकादमाने ठेवलेलं: दुर्बीण. बाहेरचे पाहुणे खातं बघायला आले की मुकादम त्यांना माझ्या टेबलाशी आणायचा आणि म्हणायचा, "ही आमची दुर्बीण. हिच्या हातून दोष सुटला असं झालेलं नाही." मी मान वर करायची नाही. पण कान तिकडेच असायचे. लग्नात कोणी मला देखणी म्हटलं नव्हतं, सासरी कोणी हुशार म्हटलं नव्हतं. ह्यांना तर माझ्या कामात काय असतं तेही नीट माहीत नव्हतं. "कापडाकडे बघत बसायचं, बरं आहे बुवा," असं म्हणायचे. दुर्बीण हे एवढंच मला जगाने आपणहून दिलेलं होतं.

पिवळी माझ्या उजव्या हाताला बसायची. ती डावरी. दोघींची कोपरं एकमेकींना लागायची म्हणून पहिल्याच आठवड्यात भांडण झालं, आणि ते मिटेपर्यंत मैत्री झाली. तिची गाठ लांबून ओळखू यायची. आम्ही सगळ्या दोरा उजवीकडून घेऊन वर काढायचो, तिचा उलटा यायचा. "माझं सगळं आरशातलं आहे," ती म्हणायची. "नवरा पण आरशातलाच मिळाला. दिसतो, हाताला लागत नाही." आणि मग स्वतःच एवढी हसायची की मुकादम दारातून डोकावायचा.

तपासणी खातं तेव्हा वरच्या मजल्यावर होतं. उत्तरेच्या बाजूला सलग सात खिडक्या. उत्तरेचा उजेड शांत असतो, सकाळी आणि दुपारी जवळजवळ सारखाच, त्यात कापड खोटं बोलत नाही. आमच्या करारात हे लिहिलेलं होतं. आमच्याआधीच्या बायकांनी ते लिहून घेतलं होतं. त्यातल्या दोघींचे डोळे गेले होते, मग लिहिलं गेलं. सातवं कलम: कापडतपासणीचं काम दिवसा, बसून, उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात करवलं जाईल. कलम सात, खिडक्या सात, म्हणून आम्हा सगळ्यांना ते तोंडपाठ. मग एका सोमवारी आम्ही जिना चढून वर गेलो तर दाराला कुलूप, आणि आत यंत्रं उतरवल्याचे आवाज. मुकादम म्हणाला, "बाई, खाली. तळघरात टेबलं मांडली आहेत. झकास ट्यूब लावल्यात, दिवसासारखा उजेड." नोटीस नाही, विचारणं नाही. आम्ही खाली गेलो. मी पहिलं ठाण ओढलं आणि मला वाटलं, डोळ्यात काही गेलंय. निळा आणि करडा सख्खी भावंडं वाटायला लागले. वरची ट्यूब सतत किंचित थरथरायची, आणि तिच्याबरोबर कापडाचं सूतही थरथरल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावरची माणसं मला दोनदोन दिसत होती.

टाचणीकाका आम्हाला हिरवीच्या भावाने गाठून दिले. कामगार कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झालेले, आणि आता न्यायालयाच्या व्हरांड्यात एक घडीचं टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. ओठांत कायम दोनतीन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं दातांतून यायचं. त्यांनी आमचा करार वाचला, सातव्या कलमावर नख ओढलं, आणि विचारलं, "मग? तुमचं काय म्हणणं आहे?" नारिंगी म्हणाली, "उद्यापासून जायचंच नाही." काका म्हणाले, "मग ते म्हणतील, बायका आपणहून गेल्या. सोडायचा हक्क आहे तुम्हाला, पण तो शेवटचा. आधी सांगा, विचारा, वाट बघा." हिरवी म्हणाली, "मग गुपचूप काम करत राहायचं?" काकांनी तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. हे त्यांनी फार कमी वेळा केलेलं मी पाहिलंय. "गुपचूप तर मुळीच नाही. त्यांनी शब्द मोडला, तुम्ही काही न बोलता काम करत राहिलात, तर सहा महिन्यांनी तेच नवीन करार होऊन बसतं. तुमच्या गप्प बसण्याने ते सही करून घेतात. काम करायचं. पण नाही म्हणत करायचं. रोज. आज म्हटलं आणि उद्या विसरलं असं नको." पत्र तर त्यांनी तिथेच लिहिलं, आम्ही अकराजणींनी खाली सह्या केल्या. पण रोज नाही कसं म्हणायचं? मुकादम टेबलावर कागद ठेवू द्यायचा नाही. तेव्हा पिवळी म्हणाली, "काका, दोरा चालेल का? आमच्या गाठीशेजारी काळी गाठ?" काका हसले, मग हसायचे थांबले. "चालेल," म्हणाले. "पत्रात लिहू की काळा दोरा म्हणजे काय. हे कापड तळघरात, करार मोडून, आमची हरकत असताना तपासलेलं आहे. एक गाठ राहता कामा नये."

पहिले दिवस आम्हाला ते एखाद्या खेळासारखं वाटलं. काळ्या दोऱ्याचं रीळ टेबलाच्या मधोमध, सगळ्यांचं मिळून एक. हिरवी गाठ मारताना पुटपुटायची, "ही घ्या साहेब, तुमच्या ट्यूबला दृष्ट लागू नये." मग साहेबांनी तोड काढली. काळी गाठ असलेलं प्रत्येक ठाण वर न्यायचं, एका मोकळ्या ठेवलेल्या खिडकीशी पुन्हा तपासायचं, आणि काही सुटलेलं निघालं तर त्या बाईला सगळ्यांसमोर दाखवायचं. हिरवीची निघाली, नारिंगीची निघाली, पिवळीची तर रोज निघायची. त्यांना काही वाटायचं नाही. "सापडला ना दोष?" पिवळी मुकादमालाच विचारायची. "मग तेच तर सांगतोय आम्ही. खाली दिसत नाही. लिहून ठेवा, उपयोगी पडेल." काकाही म्हणाले होते, सापडू देत, जेवढे जास्त सापडतील तेवढे आपल्या कामाचे. मला ते कळत होतं. मी मूर्ख नव्हते. पण माझी ठाणं वर जायची आणि स्वच्छ परत यायची, आणि मुकादम म्हणायचा, "बघा, दुर्बिणीला कसं दिसतं? उजेडाची कुरकुर करणाऱ्यांनी हिच्याकडून शिकावं." हे ऐकून शरम वाटायला हवी होती. मला बरं वाटायचं. आता या वयात कोणापासून लपवायचं? बरं वाटायचं.

हे निळं करडं कापड त्यातलंच. मला ते ठाण आठवतं कारण त्याच्या मध्यावर आल्यावर मला वाटलं, इथे काहीतरी आहे. मी कापड वर धरलं, तिरपं केलं, जवळ नेलं. चौकड्या पोहायला लागल्या. बोटांनी चाचपलं, बोटांनाही कळेना. पुढची ठाणं तुंबत चालली होती. मी जांभळी गाठ मारली आणि काळ्या रिळाकडे हात नेला, आणि तो हात तसाच मागे घेऊन पदराला पुसला. काळी गाठ नसेल तर हे ठाण वर जाणार नाही. वर गेलं नाही तर कळणार नाही. एकच तर आहे. मी शेजारी पाहिलं नाही. शेजारी पाहायची मला आठवणच झाली नाही, असंही म्हणता येईल. पिवळी माझ्या इतकी जवळ बसायची की ती मला माझाच एक हात असल्यासारखी वाटायची, आणि स्वतःच्या हातापासून कोण काय लपवतं?

तिसऱ्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना उभं केलं. ठाण मध्यावर उलगडलेलं, दोष खडूने वेढलेला, चांगला हातभर लांब तुटका धागा. उत्तरेच्या उजेडात आंधळ्यालाही दिसला असता. "दुर्बिणीची काच बदलायला झाली वाटतं," तो म्हणाला, आणि दोघीतिघी हसल्या. वाईट मनाने नाही. पण हसल्या. हे ठाण वर गेलंच कसं, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि शरमेत बुडून गेला. मला वाटलं, दुसऱ्या ठाणांबरोबर हे चुकून वर गेलं असेल. मी मोरीत गेले, भिंतीला पाठ लावून उभी राहिले, आणि लहान मुलीसारखी रडले. दार ढकलून पिवळी आत आली. तिने नळ पूर्ण सोडला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून, आणि पाण्याखाली डावा हात धरून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "माझंच चुकलं गं." मला वाटलं, समजूत घालायला माणूस म्हणतं तसं म्हणाली. मी म्हटलं, "तुझं काय चुकायचंय?" तिने नळ बंद केला.

आणि आज, चाळीस वर्षांनी, या खिडकीशी बसून मला कळतं की ती खरंच काहीतरी कबूल करत होती. मी मागे घेतलेला हात तिने पाहिला होता. मी ठाण पुढे सरकवल्यावर तिने डाव्या हाताने काळी गाठ मारून टाकली होती, माझ्यासाठी, आमच्या सगळ्यांसाठी, एक गाठ राहता कामा नये म्हणून. माझं ठाण वर पाठवलं ते तिने. मोरीत नळाखाली तिने धरला होता तो तोच हात.

त्यानंतर आणखी अकरा ठाणं मी तशीच सोडली. फक्त जांभळी गाठ. त्या महिन्यात मला संध्याकाळी दिव्यांभोवती वलयं दिसायची आणि मी घरी कोणाला सांगत नव्हते. जिथे शंका आली तिथे काळा दोरा नाही. पिवळी तिथेच बसलेली होती, माझ्या कोपराला कोपर लावून. आजपर्यंत मी धरून चालले होते की तिला दिसलं नाही. दिसलं असतं तर बोलली असती, अशी माझी समजूत. मी सोडलेली पहिली गाठ तिने पाहिली, आणि पुढच्या अकरा पाहिल्या नाहीत? तिने पाहिल्या. तिने हात आवरला. एकदा तिने सगळ्यांच्या बाजूने हात चालवला आणि माझं रडणं ऐकलं, आणि मग अकरा वेळा तिने तो हात मांडीवर ठेवून दिला.

शेवटी आम्ही कोर्टात गेलो. खटला चार वर्षं चालला. अर्जदारांत पहिलं नाव पिवळीचं, म्हणून साक्षीलाही तीच उभी राहिली. कंपनीच्या वकिलाने गोदामातून काढलेली ठाणं टेबलावर एकावर एक रचली. त्याचं बोलणं फार सौम्य होतं. "ही गाठ कोणाची, बाई?" पिवळी म्हणाली, "जांभळीची." "म्हणजे कारखान्यातली सगळ्यांत तीक्ष्ण नजर. शेजारी काळा दोरा दिसतो?" "नाही." "का नाही?" मी तिसऱ्या बाकावर होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ठाणाकडे पाहिलं. "राहून गेला असेल," ती म्हणाली. "दिवसाला वीस-वीस ठाणं हातावेगळी करायची असतात. माणूस आहे." वकील किंचित हसला. "अकरा वेळा राहून गेला?" पिवळी म्हणाली, "हो. अकरा वेळा." तिचा आवाज अगदी सपाट होता. तिथे मी उठून उभी राहायला हवं होतं. सांगायला हवं होतं की ही ठाणं उलगडा, आत्ता, त्या खिडकीशी न्या. त्यांत दोष सापडतील. ते मला दिसले नाहीत, आणि दिसले नाहीत हेच तर आमचं म्हणणं आहे. माझ्या अकरा चुका हा आमचा सगळ्यांत मोठा पुरावा होता, आणि मी तो काठात दुमडून ठेवला. निकालात लिहिलं होतं की तपासनीस स्त्रियांची हरकत सलग नव्हती, वागण्यातून त्यांनी बदल मान्य केला असं दिसतं. दुसरीही कारणं होती. काकांनी मला तीनतीनदा सांगितलं, दुसरीही कारणं होती. ते चांगले होते.

त्याआधी एकदा, खटला नुकता लागला होता तेव्हा, मी त्यांना एकटी गाठून विचारलं होतं. "काका, समजा एखादीची गाठ मारायची राहून गेली, तर?" त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं नाही. "तर दुसऱ्या दिवशी लिहून द्यायचं, की काल राहून गेलं. अमुक ठाण, अमुक तारीख, या कारणाने. लपवलेली चूक त्यांच्या हाती लागते. आपणच सांगितलेली आपल्या बाजूने बोलते." मी म्हटलं, "सहज विचारलं." ते म्हणाले, "सहजच विचारतात सगळे."

या निळ्या कापडाचं ठाण कापून कामगारांसाठी दोषी माल म्हणून विकायला काढलं, तेव्हा मी धावत जाऊन पहिला तुकडा घेतला, माझी गाठ दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून. न बघता दुमडला, न बघता शिवला. पिवळीने निकालानंतर काम सोडलं आणि घरी रफूची कामं घ्यायला लागली, खिडकीत बसून. मुलगा झाला तेव्हा मला बघायला आली होती. याच पडद्याशी उभी राहिली, कापड चिमटीत धरून, आणि म्हणाली, "छान दिसतोय. शिवण घट्ट घातलीस." मी म्हटलं, "लहान मूल ओढतं ना." मूल तेव्हा पंधरा दिवसांचं होतं. ती हसली नाही. पुढे घरं बदलली, पत्ते बदलले. ती गेल्याचं मला आठ महिन्यांनी कळलं, कोणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या रांगेत.

"आई, चहा ठेवू?" सून दारात उभी होती. मग माझ्या मांडीवरचा पसारा पाहून म्हणाली, "अजून तेवढंच उसवलंय? मला वाटलं होतं, आतापर्यंत दोन झाले असतील."

"तुझं झालं का?"

"कशाचं होतंय." ती चौकटीला टेकली. तिचे डोळे सुजलेले होते. रडल्यामुळे नव्हे, वाचून. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे, बारा वर्षं. तिच्या करारात लिहिलंय की स्वतः तपासलेल्या नमुन्याच्या रिपोर्टवरच तिने सही करायची. दोन महिन्यांपासून दुसरीकडे कुठेतरी मोठ्या यंत्रावर तपासलेल्या नमुन्यांचे रिपोर्ट येतात आणि खाली सही हिची. त्या सहाजणींनी मिळून पत्र दिलंय, वकिलाला भेटल्यात. हे सगळं मला तुकड्यातुकड्याने जेवताना कळलेलं. मुलगा तिला म्हणतो, "घाबरतेस काय? आईने त्या काळात कंपनीला कोर्टात खेचलं होतं." आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली जाते. कंपनीला कोर्टात खेचलं, आणि न्यायाधीशच फिरला. मी ती कधी सांगितली नाही. पण कधी अडवलीही नाही.

"वकीलबाई म्हणतात, प्रत्येक रिपोर्टवर लिहा, नमुना मी तपासलेला नाही, हरकत नोंदवून सही," सून म्हणाली. "दिवसाला शंभर येतात हो. कधी लिहिते, कधी राहून जातं."

माझी सुई थांबली.

"राहून जातं की सोडतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्यात अशी बोलायची पद्धत नाही. मग ती येऊन पलंगाच्या कडेवर बसली. "शुक्रवारी साहेबांनी आम्हाला सगळ्यांना आत बोलावलं," ती हळू म्हणाली. "जी जास्त लिहिते तिचे जुने रिपोर्ट काढून बघतात. माझा गेल्या वर्षीचा एक काढून ठेवला होता. चूक होती, आई. छोटीशी, कोणाला काही झालं नाही. पण चूक होती. सगळ्यांसमोर म्हणाले, आधी स्वतःचं सांभाळा. त्यानंतर माझा हातच जात नाही लिहायला. मला वाटतं, सरळ राजीनामा देऊन टाकावा. लिहिणं थांबवणार की नाही, उद्या उत्तर द्यायचंय त्यांना. एकदाचा विषय संपेल."

खिडकीतून उजेड येत होता. या घराची ही खिडकी उत्तरेची नाही, मी आल्या दिवशीच पाहिलं होतं. पश्चिमेची आहे, चार वाजले की सगळ्या रंगांत थोडा पिवळा मिसळते. मला खूप थकल्यासारखं झालं. वाटलं, चहा ठेव म्हणावं. चहा होईपर्यंत हे कापड दुमडून टाकता येईल, चार टाके घालून. यापायी कोणी मेलेलं नाही, जी पुढे गेली तिने तोंड उघडलं नाही, आणि ज्याने ऐकायचं तो मुलगा मला मान देतो तो या एकाच गोष्टीसाठी.

मी पडद्याचा कोपरा तिच्यापुढे धरला. "हे बघ."

"काय आहे? गाठी आहेत."

"जांभळी माझी. ही काळी माझी नाही." आणि मग मी तिला सांगितलं. काळ्या दोऱ्याचा अर्थ, वरची मोकळी खिडकी, दुर्बीण, मोरी, नळ. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं वागवलेली गोष्ट सांगायला पाव तास पुरला, याचंच मला आश्चर्य वाटलं. तिने मध्ये एकदाच विचारलं.

"अकरा?"

"अकरा."

"म्हणजे तो निकाल..."

"दुसरीही कारणं होती," मी म्हटलं. मग म्हटलं, "पण हो. त्यातलं एक मी."

तिने कापड माझ्या हातातून घेतलं आणि गाठी जवळून बघितल्या, दिवसभर बारीक बघणारी माणसं बघतात तशा, डोळे बारीक न करता. काळ्या शेपटीला तिने नखाने हलकेच स्पर्श केला. "ही डावरी होती?"

"हो. तुला कसं कळलं?"

"उलटी आहे." मला वाटलं, आता विचारेल, तुमच्या मुलाला माहीत आहे का. तो प्रश्न तिने विचारला नाही, मीच म्हटलं, "त्याला मी सांगेन. आज आला की."

"माझे किती राहिले असतील?" ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. "शुक्रवारचे सगळे. शनिवारचे निम्मे. त्याच्या आधीचे थोडे." आणि मग माझ्याकडे वळून, "आई, आता ते लिहून देऊन काही उपयोग आहे का? ते म्हणतील, बघा, ही बाई रोज लिहीत नव्हती."

"म्हणतील."

"मग?"

"आमचे एक काका होते," मी म्हटलं. "ते म्हणायचे, राहिलं तर दुसऱ्या दिवशी लिहायचं, की काल राहिलं, आणि का राहिलं तेही. साहेबांनी आत बोलावून जुना रिपोर्ट दाखवला म्हणून राहिलं, हे खरं आहे ना? मग तेच लिही. तुझी ती चूक पण लिही. राजीनामा कुठे पळून जात नाही." माझा आवाज मला परका वाटला. टाचण्यांमधून बोलल्यासारखा. "उपयोग होईल की नाही, मला माहीत नाही गं. मी लिहून पाहिलंच नाही कधी."

ती उठली. पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कागद. थोड्या वेळाने तिने तिथूनच फोन लावला. "अगं, तुझ्याकडे शुक्रवारची यादी आहे का? नाही, ज्यांच्यावर मी लिहिलं नाही त्या रिपोर्टांची. हो. मुद्दाम लिहिलं नाही. सांगते, ऐक..." पुढचं मी ऐकलं नाही. मी सुईत दोरा घालायला घेतला, दुमड परत घालायची म्हणून, अगदी लहानशी, नुसतं काठ सुटू नये एवढी. दोरा पहिल्याच वेळी सुईत गेला. मग मी तो परत ओढून काढला आणि सुई रिळात टोचून ठेवली.

संध्याकाळी तिने आणि मी मिळून पडदा दांडीवर चढवला. ती स्टुलावर, मी खालून धरून. दुमड सोडल्यामुळे तो आता आखूड नव्हता, उलट थोडा जास्तच झाला होता. गाठींचा कोपरा फरशीवर टेकला.

"खाली लोळतोय, आई," सून वरून म्हणाली. "उद्या दोन टाके घाला."

बाहेर फाटकाचा आवाज झाला. मुलगा आला होता.

"लोळू दे," मी म्हटलं.